जिल्ह्याचा एसपी येतो कुठून?

पारावरचा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१०

मागच्या आठवड्यात आमच्या जिल्ह्याला नवे एसपी (पोलीस अधीक्षक) आले. रुजू व्हायच्या आधीच त्यांचा बायोडेटा गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झाला होता. इंजिनिअर, दुसऱ्या प्रयत्नात युपीएससी, मॅरेथॉन पळतात, बासरी वाजवतात. सोबत गॉगलवाला फोटो आणि खाली 'आता खैर नाही'. कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

आधीचे साहेब प्रमोटी होते, म्हणजे थेट युपीएससीतून नाही, राज्य सेवेतून बढतीने आलेले. त्यांचा बायोडेटा कधी फिरला नाही. चौदा महिने राहिले, गेले तेव्हा चौकात दोन फ्लेक्स लागले, त्यातला एक केटरर्सचा होता.

आता मूळ मुद्दा. बहिणीचा मुलगा बी.ए. झालाय आणि त्याला एसपीच व्हायचंय. बहीण म्हणते आधी पोलीस भरती दे, पोटापाण्याचं बघ. दाजी म्हणतात फौजदाराची परीक्षा दे. मी पेपर वाचतो म्हणून मला विचारतात. तर जिल्ह्याचा पोलीसप्रमुख व्हायला नेमक्या वाटा किती, आणि तुमच्या अनुभवात कोणत्या वाटेने आलेला माणूस बरा निघाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. डायरेक्ट आलेल्याला जिल्हा लवकर मिळतो आणि उशिरा कळतो. प्रमोटीला तो कळलेला असतो, पण हातात येईपर्यंत पेन्शनची फाईल हलायला लागलेली असते. हाणा आता.

चहाबाज | रात्री ९:१४

जागा धरून ठेवतो. 'आमच्या वेळचे एसपी' सुरू व्हायच्या आत भेळ सांगितली आहे.

काठावरपास | रात्री ९:५२

दारं चार आहेत. मला चारही पाठ आहेत, कारण शेवटचं सोडून सगळ्यांबाहेर उभा राहून झालंय.

पहिलं शिपायाचं. भरती त्या त्या जिल्ह्याची किंवा आयुक्तालयाची. तिथून हवालदार, मग सहायक फौजदार, आणि तब्येत व नशीब दोन्ही टिकलं तर फौजदार. मधे पोलीस नाईक असायचा, ते पद आता काढून टाकलंय. याच दारात एक खिडकी आहे: खात्यांतर्गत मर्यादित परीक्षा देऊन थेट पीएसआय, म्हणजे फौजदार. पीएसआयच्या निम्म्या जागा सरळसेवेने, पाव या परीक्षेतून आणि पाव बढतीने, असं सूत्र.

दुसरं पीएसआयचं, एमपीएससीमार्फत. नाशिकच्या अकादमीत ट्रेनिंग, मग एपीआय (सहायक निरीक्षक), मग पीआय (निरीक्षक). पीआय म्हणजे ठाणेदार. खरं विचाराल तर ज्याच्या मोटरसायकलची चोरी झालीय त्याच्यासाठी पोलीसप्रमुख हाच, एसपी त्याला फक्त पंधरा ऑगस्टला दिसतो.

तिसरं राज्यसेवेतून डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक. खांद्यावर 'मपोसे' (महाराष्ट्र पोलीस सेवा). चौथं युपीएससी. मसुरीला फाउंडेशन कोर्स, हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल अकादमी, जिल्ह्यात प्रॅक्टिकल ट्रेनिंग, एखाद्या उपविभागाचा एएसपी (सहायक अधीक्षक), मग अपर अधीक्षक, मग जिल्हा. खांद्यावर 'भापोसे' (भारतीय पोलीस सेवा, म्हणजे आयपीएस). तिशीच्या आसपास माणूस लाल दिव्याच्या... नको, दिवे गेले आता.

प्रमोटी म्हणजे तिसऱ्यातून चौथ्यात आत घेतलेला. आयपीएसच्या वरिष्ठ पदांपैकी जास्तीत जास्त ३३⅓ टक्के जागा राज्य सेवेतल्यांना निवडीने मिळतात, आणि त्यासाठी डीवायएसपी म्हणून किमान ८ वर्षं झालेली लागतात. फौजदार म्हणून लागलेला माणूस डीवायएसपी होतो तेव्हा तेवढी वर्षं हातात उरलेली नसतात. त्यामुळे प्रमोटी एसपी बहुधा थेट डीवायएसपी लागलेलाच असतो. शिपाई ते एसपी हा प्रवास खात्याच्या आतून करायला पिक्चरच काढावा लागेल. नोकरी करता करता अभ्यास करून युपीएससीच्या दाराने पुन्हा आत यायचं, हा एकच खरा मार्ग.

मी सध्या तिसऱ्या दाराशी. कडी आतून आहे.

रोखठोक | रात्री १०:०५

बायोडेटा काय बघता, बदलीची ऑर्डर बघा. कोण कुठून आला यापेक्षा कोणी आणला हे महत्त्वाचं. धागा बंद करा.

चहाबाज | रात्री १०:०७

रोखठोकराव, भेळ आत्ता आलीय.

नाना_हवालदार | मंगळवार, सकाळी ६:२०

नमस्कार मंडळी. ३४ वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. शेवटची नऊ वर्षं एसपी ऑफिसला वाचक शाखेत. नोकरीत एकूण ११ एसपी बघितले. नावं घेणार नाही, पेन्शन चालू आहे.

डायरेक्टवाल्यांचं सांगतो. आमच्या ठाण्याला एक प्रोबेशनर साहेब आले होते, वय २७, बिहारकडचे. काही आठवडे ठाण्याचा स्वतंत्र चार्ज त्यांच्याकडं. पहिल्याच रात्री दोन वाजता आले आणि ठाणे अंमलदाराशेजारी खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात एक म्हातारी आली. गाभण शेळी चोरीला गेली म्हणाली. आमचा अंमलदार सवयीनं म्हणाला, सकाळी या. साहेबांनी मला विचारलं, नाना, गाभण क्या होता है? मी सांगितलं. तर म्हणाले, फिर तो दो बकरी की चोरी हुई, लिखो. आणि रात्री सव्वादोनला गुन्हा दाखल झाला.

शेळी काही सापडली नाही. पण त्यांचा चार्ज होता तोवर रात्री कुणाला 'सकाळी या' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ते गेले आणि महिन्याभरात परत सुरू.

आता प्रमोटी. एका साहेबांच्या क्राईम मीटिंगला एक पीआय छाती काढून केस डायरी वाचत होते, अमुक तारखेला इथं गेलो, तमुक तारखेला तिथं. साहेबांनी डायरी मागून घेतली, दोन पानं चाळली आणि म्हणाले, "एकाच बैठकीत लिहिलीय. शाई एक, पेन एक, आणि शेवटी शेवटी हात दुखून अक्षर मोठं झालंय. मी पण अशीच लिहायचो." मीटिंगमधले सगळे खाली बघायला लागले. डायरेक्टवाल्याला हे दिसलं नसतं, कारण त्यानं कधी तशी लिहिलेली नसते.

मात्र याच साहेबांची जिल्ह्यात वीस वर्षांची जुनी दोस्ती आणि जुनी दुश्मनी. मीटिंग संपली की ती सुरू व्हायची. कोणाला एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) द्यायची आणि कोणाला कंट्रोल रूमला बसवायचं, हे साहेब रुजू व्हायच्या आधीच ऑफिसच्या शिपायाला ठाऊक होतं.

प्राजक्ता_लाईनीतली | सकाळी १०:३१

नाना, तुमचा प्रतिसाद वाचून पोलीस लाईनीचा वास आला. बाबा हवालदार होते, माझं बालपण तीन जिल्ह्यांच्या लाईनींत गेलं.

आम्हा पोरांना साहेब कुठल्या दारातून आला ते छतावरून कळायचं. एक प्रमोटी साहेब पहिल्याच महिन्यात लाईनीत आले, कुणाच्याही घरी चहा घेतला नाही, सरळ मागे जाऊन संडास बघितले. त्यांचं पहिलं पोस्टिंग असल्याच लाईनीशेजारी गेलेलं. पावसाळ्याच्या आत पत्रे आले. त्यांच्यानंतरच्या तरुण साहेबांनी जिम बांधली, फीत कापली, फोटो काढले. जिमचं छत गळायचं.

म्हणून मी कॉलेजला जाईपर्यंत पक्की प्रमोटीवादी होते. मग तिसऱ्या जिल्ह्यात एक बाई आल्या, डायरेक्ट आयपीएस. दरबारात (शिपाई-हवालदारांनी साहेबांपुढे थेट तक्रारी मांडायच्या, तो दरबार) बाबांनी नोकरीत पहिल्यांदा तोंड उघडलं. सलग तीन सणांना सुट्टी नाही म्हणाले. बाईंनी सुट्टीचं रजिस्टर तिथेच मागवलं. पुढची दिवाळी बाबा घरी होते आणि घरी काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आईला दिवसभर फराळाच्या सूचना देत होते.

महाराष्ट्रात पहिल्यांदा बाई एसपी झाल्या त्या मीरां चढ्ढा-बोरवणकर, औरंगाबाद जिल्ह्याच्या. १९८१ च्या बॅचच्या. आणि राज्याच्या पहिल्या महिला महासंचालक रश्मी शुक्ला, २०२४ मध्ये. मधे किती वर्षं गेली बघा.

कोलंबसकर | सकाळी ११:०२ (इथे मध्यरात्र)

ओहायोतून. आमच्या गावचा, म्हणजे तीसेक हजार वस्तीच्या शहराचा, चीफ गेल्या वर्षी निवृत्त झाला. चोवीस वर्षांपूर्वी याच शहरात गस्तीचा साधा ऑफिसर म्हणून लागला होता. सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, चीफ. इथे बहुतेक ठिकाणी एकच दार आहे, पहिलं. पंचविशीत परीक्षा देऊन थेट वरच्या पायरीवर बसलेला अधिकारी ही गोष्ट शेजाऱ्याला समजावून सांगायला मला दोन बिअर लागल्या.

दुसरी गंमत, चीफ बाहेरच्या शहरातूनही येऊ शकतो, आणि तो रीतसर नोकरीला अर्ज करतो. नवीन चीफसाठी तीन उमेदवार होते, टाउन हॉलमध्ये त्यांना नागरिकांनी प्रश्न विचारले. मीही एक विचारला, कुत्र्यांबद्दल. बिल ब्रॅटन हे त्यातलं मोठं उदाहरण. १९७० साली बॉस्टनमध्ये साधा पोलीस म्हणून लागले, पुढे न्यू यॉर्कचे कमिशनर, मग लॉस एंजेलिसचे चीफ आणि मग पुन्हा न्यू यॉर्क. देशात निरनिराळी अठरा हजारांच्या आसपास पोलीस खाती, त्यामुळे वर सरकायला एक रांग नाही. चीफ व्हायच्या वाटेवरचे बरेच जण क्वांटिकोला एफबीआयच्या नॅशनल अकादमीत दहाएक आठवडे जाऊन येतात, ते बायोडेटात ठळक अक्षरात असतं.

कौंटीचा शेरीफ मात्र बहुतेक ठिकाणी निवडून येतो. अंगणात पाट्या लागतात. 'शेरीफसाठी अमुक'.

आणि एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या आधुनिक पोलिसिंगचा जनक म्हणतात तो ऑगस्ट व्होल्मर हा बर्कलीचा पोस्टमन होता. १९०५ मध्ये लोकांनी त्याला टाउन मार्शल म्हणून निवडून दिलं, १९०९ मध्ये तो शहराचा पहिला चीफ झाला. स्वतःचं शिक्षण जेमतेम, आणि पोलिसांनी कॉलेजात शिकलं पाहिजे हा आग्रह त्याचाच.

रोखठोक | सकाळी ११:१५

फरक एवढाच, तुमच्याकडे निवडणूक लढवून शेरीफ होतात, आमच्याकडे साहेब झाल्यावर निवडणूक लढवतात. मुंबईचे आयुक्त सत्यपाल सिंह २०१४ ला राजीनामा देऊन बागपतमधून खासदार झाले.

भोळासांब | सकाळी ११:४०

पण मुंबईला पण शेरीफ असतो ना? सुनील गावसकर होते.

काळाकोट | दुपारी १२:१०

भोळासांब, मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल. मानाचं पद, वर्षभराचं. पोलिसांशी संबंध नाही. गावसकरांना कोणी अटक करायला पाठवत नव्हतं.

चहाबाज | दुपारी १२:१२

पाठवलं असतं तर आरोपी दिवसभर खेळपट्टीवर उभा राहिला असता.

लीड्सची_लेक | दुपारी ३:२५

कोलंबसकरांनी 'एकच दार' म्हटलं त्यावरून. इंग्लंडातही तेच आहे. चीफ कॉन्स्टेबल हा कधीतरी कॉन्स्टेबल असतोच, नाव काही उगाच नाही. लंडनचे सध्याचे कमिशनर मार्क रोली १९८७ मध्ये वेस्ट मिडलंड्समध्ये कॉन्स्टेबल म्हणून लागले. सुरुवात अशी नव्हती, १८२९ मध्ये लंडनचे पहिले दोन कमिशनर होते रोवन आणि मेन, एक लष्करातला आणि एक बॅरिस्टर. २०१४ पासून थेट सुपरिंटेंडेंट भरती करून बघितली, काही वर्षांत गुंडाळली.

मग आपल्याकडे चार दारं कोणी पाडली? यांनीच. १८६१ चा पोलीस कायदा करताना लंडनचा नमुना घेतला नाही, आयर्लंडचा घेतला. आयरिश कॉन्स्टॅब्युलरीमध्ये साहेब वेगळ्या वर्गातून यायचा आणि शिपाई वेगळ्या, कारण तिथे पोलीस हा लोकांवर वचक ठेवायला होता. आपल्याकडे १८९३ पासून साहेबांची परीक्षा लंडनला होऊ लागली, भारतीयांना ते दार १९२० मध्ये उघडलं. स्वातंत्र्यानंतर इंडियन पोलीसची आयपीएस झाली, माणसं बदलली, जिना तोच राहिला. स्वतःच्या घरात एक दार आणि आपल्याकडे चार, यातच सगळं आलं.

जुनीपोथी | दुपारी ४:०८

छान प्रतिसाद. पुरवणी जोडतो. मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त फ्रँक सूटर, १८६४. पहिले भारतीय आयुक्त जे. एस. भरुचा, १९४७. म्हणजे ८३ वर्षं लागली. आमच्या भागात मात्र या सगळ्याच्या आधीपासून पोलीसप्रमुख आहे: पोलीस पाटील. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानंतर तो वंशपरंपरेचा राहिला नाही, पण साधारण त्याच घरात सापडतो.

पारावरचा | संध्याकाळी ५:३०

आमच्या पोलीस पाटलांना गावातल्या सगळ्या भांडणांची माहिती असते, कारण निम्म्यांत ते पक्षकार असतात.

लीडसताई, हे मला माहीत नव्हतं. पण मग उलटा प्रश्न येतो. एकच दार ठेवलं तर आमच्या जिल्ह्याचा एसपी हा पस्तीस वर्षं त्याच खात्यात मुरलेला माणूस असणार. नानांनी सांगितलेली दोस्ती-दुश्मनी आठवा. बाहेरून आलेल्या पोराला निदान कोणाचं लग्नाचं जेवण पचवायचं नसतं.

पणजीकर | संध्याकाळी ६:१५

गोव्यात बघा, दोन्ही आहे. आमचे आयपीएस अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश अशा सामायिक केडरमधले. दिल्लीहून येतात, इथला पाऊस एकदोनदा बघतात आणि जातात. त्याच वेळी गोवा पोलीस सेवेतले आमचेच लोक एसपीच्या पदापर्यंत जातात, ते इथेच शाळेत गेलेले. अधिकारी तिसवाडीचा असला तर त्याला फोन करणाऱ्यात त्याची मावशी पण असते. नसला तर त्याला कोंकणी येत नाही. काय बरं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मुंबईवाल्यांना आठवण: ज्युलिओ रिबेरो मूळ आमचेच. १९८२ ते ८५ मुंबईचे आयुक्त, मग गुजरात, मग पंजाब पेटलेला असताना तिथले महासंचालक, मग रोमानियात राजदूत. असला बायोडेटा फिरवायला व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हा.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री ८:४४

तुम्ही सगळे पश्चिमेकडचं बोलून राहिले. आमच्या इकडे एसपी घडतो तो गडचिरोलीत. जिल्हाच १९८२ चा, आणि त्यात नक्षलवाद. सी-६० पथक १९९० मध्ये तेव्हाचे एसपी के. पी. रघुवंशी यांनी उभं केलं. स्थानिक पोरं, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल पायाखालचं. अकादमीत शिकलेला साहेब आणि इथला शिपाई यांची अशी सांगड घातली की साहेबाला गपगुमान शिपायाचं ऐकावं लागते. तिथं कोण रस्ता ओळखतो यावर जीव असतो, खांद्यावर काय आहे त्यावर नाही.

हेमंत करकरे चंद्रपूरला एसपी होते, माझे मामा तेव्हा तिथं मास्तर. शहीद झाल्यावर सगळ्या देशाला नाव कळलं, पण मामाला ते आधीच माहीत, लाकडातून शिल्पं करणारा एसपी म्हणून. आणि त्यांची वाट बघा: नागपुरात मेकॅनिकल इंजिनिअर, हिंदुस्थान लिव्हरची नोकरी, मग १९८२ ची आयपीएस बॅच, मधे सात वर्षं रॉतर्फे व्हिएन्नाला. हे कोणत्या दारात बसवणार?

काठावरपास | रात्री ९:०२

चौथ्यातच. पण मान्य, दारामागे किती खोल्या आहेत ते आम्ही परीक्षा देणारे बघत नाही. विश्वास नांगरे पाटलांची भाषणं ऐकून आमच्या बॅचची निम्मी पोरं सदाशिव पेठेत आली. कोकरूडहून निघालेला माणूस १९९७ च्या बॅचचा आयपीएस झाला, एवढंच डोक्यात. पोस्टिंग, बदल्या, बंदोबस्त याबद्दल आमच्या मेसमध्ये कोणी बोलत नाही. आमच्या मेसमध्ये फक्त कट-ऑफ शिजतो.

रोखठोक | रात्री ९:२०

माझा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही. एसपी कितीही गुणी असो, आमदाराला नको झाला की सहा महिन्यांत साईड पोस्टिंग.

काळाकोट | रात्री ९:५८

अर्धा खोडतो. २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंह निकाल: जिल्ह्याचा एसपी आणि ठाण्याचा प्रभारी यांना किमान दोन वर्षं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये स्वतःच्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. कलम २२-न नुसार डीवायएसपी आणि वरच्यांना सर्वसाधारणपणे एका जागी दोन वर्षं, फौजदार ते पीआय यांना ठाण्यात दोन आणि जिल्ह्यात चार. बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळं.

उरलेला अर्धा तुमचा. त्याच कलमात अपवाद आहे: जनहित आणि प्रशासकीय निकड. मुदतपूर्व बदलीच्या ज्या ऑर्डरी घेऊन अधिकारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) येतात, त्यातल्या कित्येकांत हे दोन शब्द असतात आणि बाकी काही नसतं. निकड कसली, ते लिहायची निकड कोणाला वाटत नाही. मॅटने अशा काही ऑर्डरी रद्द केल्यात. पण खटला जिंकून परत त्याच खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याकडे खालचे लोक कसे बघतात ते नानांना विचारा.

नाना_हवालदार | रात्री १०:३०

बघतात म्हणजे कॅलेंडरकडं बघतात.

लूमवाला | बुधवार, पहाटे १:१५

झोप येत नाही म्हणून लिहितोय. मी भिवंडीचा. १९८४ ला सातवीत होतो. आमच्या गल्लीत काय झालं ते इथे लिहिणार नाही, चाळीस वर्षांत घरातही कोणी पूर्ण सांगितलेलं नाही. त्याआधी १९७० चं मोठ्यांकडून ऐकलेलं. म्हणजे आमच्याकडे दंगल ही पावसासारखी, कधी ते माहीत नाही पण येणार हे माहीत.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले (भिवंडी ठाणे आयुक्तालयात, म्हणून एसपी नाही, दर्जा तोच). त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. शांतता समिती ही जुनी गोष्ट होती, पण तिच्यात पुढारी, आणि ती दंगल झाल्यावर बसायची. यांनी साधी माणसं घेतली, दोन्हीकडची, आणि काहीही झालेलं नसताना बसवायला सुरुवात केली. माझे वडील होते एका समितीत. लूमचे कारखानदारही नव्हते ते, जॉबर होते. पहिल्या बैठकीला जाताना आईने त्यांना सांगितलं होतं, मागे बसा. बोलणं काय व्हायचं? गटार, नळाचं भांडण, कोणाचा पोरगा कोणाच्या पोरीला त्रास देतो. समोर पोलीस बसलेला. वर्षभरात त्या हवालदाराला आमच्या गल्लीतली माणसं नावाने माहीत झाली आणि आम्हाला तो.

डिसेंबर ९२, जानेवारी ९३ ला मुंबई जळत होती. आमच्याकडे लूम बंद झाले, माणसं रस्त्यावर आली, पण ती समितीची माणसं होती. वडील दोन रात्री नाक्यावर बसले होते, शेजारी पलीकडच्या मोहल्ल्यातले दोघे. आईने दोन वेळा चहा पाठवला. भिवंडी पेटली नाही.

या धाग्यावरचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आलं, खोपडे कोणत्या दारातून आले होते हे आमच्या घरात कधीच कोणी विचारलं नाही. ते काही वर्षं राहिले, एवढं माहीत आहे.

प्राजक्ता_लाईनीतली | सकाळी ७:५०

लूमवाला, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

लूमवाला | सकाळी ८:०५

सांगतो. ८१ चे आहेत, अजून नाक्यावर बसतात. आता फक्त चहासाठी.

रोखठोक | सकाळी ९:३०

ठीक. हा प्रतिसाद मी मान्य करतो. पण खोपड्यांसारखे किती, हे पण लिहा.

चहाबाज | सकाळी ९:३१

रोखठोक 'मान्य' म्हणाले. वाचनखूण साठवली.

भोळासांब | सकाळी १०:१०

एक शंका. आयुक्त मोठा की एसपी?

काठावरपास | सकाळी १०:२२

जिल्ह्याला एसपी, मोठ्या शहरांना आयुक्त. आयुक्ताचा हुद्दा शहरागणिक बदलतो, तो डीआयजीपासून (उपमहानिरीक्षक) पार महासंचालक दर्जापर्यंत असू शकतो. मोठा फरक अधिकाराचा: मनाई आदेश, तडीपारी वगैरेत जिल्ह्यात कलेक्टर आणि प्रांताकडे जावं लागतं, आयुक्तालयात ते अधिकार पोलिसांकडेच. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ मध्ये झालं, मीरा-भाईंदर वसई-विरारचं २०२० मध्ये, आणि तिथले पहिले आयुक्त सदानंद दाते. २६/११ ला कामा हॉस्पिटलमध्ये जखमी झालेले तेच. लहानपणी पुण्यात घरोघरी पेपर टाकायचे.

पारावरचा | संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचे आभार. भाच्याला अख्खा धागा वाचायला दिला. त्याला लूमवाला आवडले, बहिणीला प्राजक्ताताईंचे पत्रे आवडले, दाजींनी फक्त पगाराचं विचारलं.

नव्या साहेबांबद्दलही एक. आज आमच्या तालुक्याच्या ठाण्यात येऊन गेले. बासरी आणली नव्हती. फ्लेक्सवाला सकाळपासून बाहेर उभा होता, त्याला आतून निरोप आला की बोर्ड रस्त्यात येतोय, काढ. एवढ्यावर मत बनवत नाही, दोन पावसाळे जाऊ देत. काळाकोट म्हणतात तसे दोन मिळाले तर.

माझं पहिलं मत थोडं मागे घेतो. थोडंच. भाच्याला काय सांगू ते मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याचा हट्ट एसपीचाच आहे, पण आईच्या धाकाने रोज पहाटे मैदानावर भरतीची तयारी करतोय.

नाना_हवालदार | संध्याकाळी ७:०२

पोराचा सोळाशे मीटरचा टाइम काय आहे?

पारावरचा | संध्याकाळी ७:१०

आत्ता विचारलं. सात मिनिटं वीस सेकंद. काल चप्पल तुटली होती म्हणतो.

नाना_हवालदार | संध्याकाळी ७:१४

पैकीच्या पैकी मार्काला पाच मिनिटं दहा सेकंद लागतात.

त्याला युपीएससीच करू द्या.